बौद्ध निकायांचा उगम: वाचताना या चुका टाळा

निकाय म्हणजे बौद्ध भिक्षुसंघाच्या शाखा. त्यांच्या उगमाबाबत वैशालीची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. उपोसथाच्या, म्हणजे पंधरवड्याच्या व्रताच्या, दिवशी तिथल्या वज्जिपुत्तक भिक्षूंनी काशाचे भांडे पाण्याने भरून संघाच्या मधोमध ठेवले, उपासकांना त्यात कार्षापण, अर्धा, पाव किंवा मासक ही नाणी टाकण्यास सांगितले आणि बाहेरून आलेल्या यश काकंडकपुत्त या भिक्षूलाही वाटा देऊ केला. त्याने तो नाकारला आणि प्रकरण सातशे भिक्षूंच्या संगीतीपर्यंत, म्हणजे धर्मसभेपर्यंत, गेले.

चूक होते ती यापुढे. ‘या संगीतीत संघ फुटला’ असे बिनदिक्कत लिहिले जाते. परंतु पाली विनयाचा, म्हणजे भिक्षूंच्या नियमसंहितेचा, भाग असलेल्या चुल्लवग्गाचा बारावा खंधक (अध्याय) वज्जिपुत्तकांच्या दहाही वत्थू, म्हणजे पैसे घेण्यासारख्या वादग्रस्त प्रथा, अवैध ठरल्याचे नोंदवून थांबतो, फुटीविषयी अवाक्षर काढत नाही. हरलेल्या वज्जिपुत्तकांनी वेगळी महासंगीती भरवली आणि तेच महासांघिक निकाय ठरले, ही जोड श्रीलंकेच्या दीपवंस या पाली बखरीची, म्हणजे घटनेनंतर कित्येक शतकांची. शिवाय महासांघिकांचा स्वतःचा विनयही सोने-रुपे घेणे निषिद्धच मानतो, मग भांडण पैशांवरून झाले म्हणावे तरी कसे?

फुटीचे वृत्तान्त जुळेनात की अनेक लेखक ते एकमेकांना शिवून टाकतात. वसुमित्राच्या नावावरील सर्वास्तिवादी निकायाचा ग्रंथ अर्हताच्या, म्हणजे निर्वाण गाठलेल्या भिक्षूच्या, उणिवा सांगणाऱ्या पाच मतांना कारण ठरवतो, तर महासांघिक परंपरेतील शारिपुत्रपरिपृच्छा विनय वाढवू पाहणाऱ्या स्थविरांवर, म्हणजे विरुद्ध गटावर, ठपका ठेवते. प्रत्येकाने दोष दुसऱ्याच्या पदरात घातला आहे, तेव्हा ग्रंथ कोणत्या निकायाचा आणि केव्हाचा, हे आधी पाहावे. माझ्या मते परिपृच्छेचे म्हणणे सहज झटकण्याजोगे नाही: स्थविरांचा वारसा सांगणाऱ्या थेरवादाच्या पातिमोक्खात (नियमांच्या यादीत) भिक्षूंसाठी 227 नियम आहेत, महासांघिकांच्या प्रातिमोक्षात 218, आणि फरक मुख्यतः सेखियांमध्ये, म्हणजे जेवण्या-वागण्याच्या शिष्टाचारात आहे.

महासांघिक म्हणजेच महायान, हे समीकरणही सोडून द्यावे. महायान हा निकाय नव्हता. महायानी भिक्षूची उपसंपदा, म्हणजे पूर्ण भिक्षुदीक्षा, कोणत्या ना कोणत्या निकायाच्या विनयानुसारच होई.

सर्वांत चिवट चूक म्हणजे निकायाला आजच्या अर्थाने ‘पंथ’ समजणे. निकाय ही प्रामुख्याने उपसंपदेची आणि विनयाची परंपरा. मतभेद तिच्याभोवती हळूहळू साचत गेले. याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या 19व्या राज्यवर्षी त्याची आजी गौतमी बलश्री हिने नाशिकचे तिसऱ्या क्रमांकाचे लेणे भद्रायणीय निकायाच्या भिक्षूंना दिले, आणि त्याच राजाच्या 24व्या वर्षी कार्ल्याला महासांघिकांसाठी नवगर्भ, म्हणजे नऊ खोल्यांच्या, मंडपाचे दान झाले. दोन्ही लेखांत निकायाचे नाव आहे, ते दान कोणाच्या ताब्यात जाणार हे ठरवण्यासाठी. अर्हताविषयी किंवा बुद्धाच्या स्वरूपाविषयी कोण काय मानतो, याचा त्यांत शब्दही नाही.