नागपुरात जेन्शियन लावताय? या चुका टाळा

गडद निळ्या, तुतारीसारख्या फुलांचं आल्प्सचं जेन्शियन फोटोत पाहिलं की ते आपल्याही गच्चीवर हवंसं वाटतं. पण नागपुरात हे रोप सहसा पाण्यावाचून मरत नाही. गरम रात्री, तापलेली मुळं आणि चुना त्याचा जीव घेतात, आणि आपण मात्र पाणी वाढवत बसतो.

दिवसाच्या ४५ अंशांची धास्ती सगळ्यांनाच असते, म्हणून लोक ग्रीन नेट बांधून निश्चिंत होतात. फोटोतलं हे आल्प्सचं जेन्शियन, म्हणजे जेन्शियाना अकॉलिस, साधारण १,४०० ते ३,००० मीटर उंचीवर वाढतं. तिथे ऊन कडक असलं तरी रात्र गार होते आणि माती थंड राहते. आपल्याकडे नवतप्यात पहाटेसुद्धा पारा २८-३० अंशांवर रेंगाळतो. नेटमुळे ऊन अडतं, रात्र काही गार होत नाही.

मग कुंडी कुलरसमोर येते. कोरड्या मे महिन्यात त्याने थोडा फरक पडतो. पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की तोच कुलर गारवा देत नाही, नुसती ओल वाढवतो. तेव्हा सड लागते. वरून पानांचा झुबका हिरवा दिसतो, पण बोटांनी हलकेच ओढला की अलगद हातात येतो आणि खालचा देठ काळा, चिकट निघतो. इतकं झाल्यावर बुरशीनाशक ओतण्यात अर्थ नाही. आधीच काळजी घ्या: बुंध्याभोवती गिट्टीच्या बारीक चुरीचा अर्धा इंच थर द्या, पाणी झुबक्यावर न ओतता कुंडीच्या कडेने द्या आणि प्लास्टिकऐवजी मातीची कुंडी वापरा.

पानं पिवळी पण शिरा हिरव्या, हे लक्षण आपल्या संत्रा बागायतदारांना चांगलं ठाऊक आहे. आपल्या काळ्या मातीत बऱ्याच ठिकाणी चुनखडी असते, सामू (पीएच) ८ च्या आसपास जातो, आणि मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. अशा वेळी युरिया टाकणं ही हमखास होणारी चूक. चिलेटेड लोहाच्या, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाच्या फवारणीने पानं तात्पुरती हिरवी होतात, पण बोअरचं जड पाणी चालूच राहिलं तर पुन्हा तेच. कुंडीवर बाहेरून पांढरी खार चढली असेल तर दोष पाण्याचा समजा. पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवून वापरा, किंवा आरओचं शुद्ध पाणी द्या. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र नको, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. काळी माती पूर्ण टाळा. दोन भाग धुतलेली जाड रेती, एक भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग पालापाचोळ्याचं खत हे मिश्रण चालतं.

इथे जात पाहणंही महत्त्वाचं. व्हर्ना आणि क्लुसी यांना चुना चालतो, सायनो-ऑर्नाटाला अजिबात नाही. पाकिटावर नुसतं ‘निळं जेन्शियन’ लिहिलं असेल तर घेऊ नका.

बियांना उगवण्याआधी थंडी लागते. ओलसर रेतीत मिसळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ६ ते ८ आठवडे ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. सप्टेंबरअखेर सुरुवात केली तर पेरणी नोव्हेंबरच्या थंडीत येते. बी बारीक असतं, त्यावर माती लोटू नका. जुनं बी सहसा उगवतच नाही. आणि बियांपासून फूल यायला दोन-तीन वर्षं लागतात, म्हणजे मध्ये नागपूरचे किमान दोन उन्हाळे. उघड्यावर अकॉलिस बियांपासून फुलेल अशी आशा मी कोणाला दाखवणार नाही.

हिमालयात ट्रेकला गेलात तर रोप उपटून आणू नका. तिथलं जेन्शियाना कुरू अतिसंकटग्रस्त आहे, आणि आणलेलं रोप इथे जगणारही नाही.

त्यापेक्षा याच कुळातलं लिसियान्थस लावा. त्याची छोटी रोपं उकाड्यात जमिनीलगत बसून राहतात, दांडाच काढत नाहीत, म्हणून तयार रोपं नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आणा, फुलं उन्हाळ्याच्या तोंडावर मिळतील. घराच्या खिडकीत एक्झॅकम अफिनी ठेवता येतं. ते सोकोत्रा बेटावरचं, फुलं लहान, जांभळी, सुवासिक. त्याला थेट ऊन नको, माती सतत किंचित ओलसर हवी, आणि सुकलेली फुलं खुडत राहिलात तर नवी येत राहतात.