डब्यातल्या गोडावरून आई-बाबांचं पटत नसेल तर

लेक पहिलीत गेली त्या वर्षी आमच्या घरी रोज सकाळी एकच वाद. मी डब्यातून क्रीमची बिस्किटं काढायची आणि नवरा तीच दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात सरकवायचा. महिनाभरात लेकीला बरोबर कळलं की गोड हवं असेल तर बाबाच्या मागे लागायचं. मला खरी काळजी वाटली ती याची, दोन बिस्किटांची नव्हे. त्या भांडणातून आम्ही कसे बाहेर पडलो ते सांगते.

आधी बोलायची वेळ बदला. डबा भरताना, बस यायला दहा मिनिटं असताना हा विषय काढूच नका. मूल झोपल्यावर निवांत बसा आणि साखरेच्या आधी एकमेकांना विचारा, "तुझ्या लहानपणी डब्यात काय असायचं?" मी हे विचारलं तेव्हा नवरा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आमच्या घरी गोडाला बंदीच होती. मधल्या सुट्टीत मी दुसऱ्यांच्या डब्यांकडे बघत बसायचो. तिच्यावर ती वेळ नको यायला." आणि मी? आठव्या वर्षी माझ्या तीन दाढा भरल्या होत्या. दवाखान्यातल्या त्या खुर्चीची भीती अजून गेलेली नाही. दोघांनाही लेकीला जपायचंच होतं. सात वर्षांच्या संसारात हे आम्ही एकमेकांना कधी सांगितलंच नव्हतं.

मग आठवडाभर फक्त लिहून ठेवा. काही बदलू नका, कुणाला टोकू नका. डब्यात आणि घरी जे गोड जातं ते सगळं वहीत उतरवा, पाकिटावरचा साखरेचा आकडा बघा आणि त्याला चारने भागा, कारण एका चमच्यात साधारण ४ ग्रॅम साखर बसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं आहे की दिवसभराच्या एकूण ऊर्जेपैकी १० टक्क्यांहून कमी ऊर्जा वरून घातलेल्या साखरेतून यावी आणि ५ टक्क्यांच्या खाली ठेवता आली तर आणखी चांगलं. दिवसाला १५०० कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी वरची मर्यादा होते जेमतेम नऊ चमचे. मध आणि फळांचा रसही यात मोजायचा. अख्खं फळ आणि साधं दूध मोजायचं नाही. घटकांच्या यादीत साखर नुसती 'साखर' म्हणून येत नाही. ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, फळांच्या रसाचा अर्क, ही सगळी तिचीच नावं.

आमच्या वहीने मला धक्का दिला. नवऱ्याच्या दोन बिस्किटांत दोन चमचे साखर होती आणि मी पौष्टिक म्हणून रोज देत असलेल्या २०० मिलिलीटर रसाच्या पाकिटात पाच! दुसऱ्या दिवसापासून रस बंद करून बाटलीत पाणी द्यायला लागले. ते मी स्वतःहून केलं, म्हणून पुढची बोलणी सोपी झाली. जो जास्त कडक असेल त्याने आधी स्वतःच्या बाजूची साखर मोजावी, असं मी आग्रहाने सांगेन.

दोन मुद्दे वादातून काढूनच टाका. "गोड खाल्लं की पोरं नाचायला लागतात" हा पहिला. १९९५ साली २३ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले, तेव्हा साखरेचा मुलांच्या वागण्यावर असा परिणाम दिसला नाही. त्याआधीच्या वर्षी एका प्रयोगात आयांना सांगितलं की मुलाला भरपूर साखर दिली आहे. प्रत्यक्षात दिली नव्हती, तरी त्यांना मुलं जास्त चंचल वाटली. दुसरा मुद्दा, "एवढ्याशाने काय होतंय?" दातांना किती खाल्लं याइतकंच किती वेळा खाल्लं हेही महत्त्वाचं असतं. दर खेपेला तोंडातले जिवाणू साखरेचं आम्ल करतात आणि ते निवायला अर्धा तास किंवा जास्तही लागतो. म्हणून गोड द्यायचंच तर जेवणाबरोबर, एकदाच. तासभर चघळायची चिकट गोळी आणि घोट घोट प्यायचं गोड पेय नको.

आता नियम ठरवा, पण दोघांना पाळता येईल एवढाच. पूर्ण बंदी मला हवी होती, ती मी सोडली. १९९९ साली लहान मुलांवर झालेल्या प्रयोगांत दिसलं होतं की डोळ्यांसमोर असलेला खाऊ अडवून ठेवला की मुलांचं लक्ष त्याच खाऊकडे जास्त लागतं. आमचं ठरलं ते असं: मंगळवारी आणि शुक्रवारी एक छोटा तुकडा, बाकी दिवस फळ. शुक्रवारचा तुकडा लेक निवडणार. कागद फ्रीजच्या दारावर लावला, म्हणजे डबा कुणीही भरला तरी तोच नियम.

गोड बाकीच्या खाण्यासोबतच ठेवा. "डबा संपवलास तर चॉकलेट" म्हणालात की जेवण शिक्षा होतं आणि चॉकलेट बक्षीस. ती आधी गोड खाते, खाऊ दे. आणि नियम पटला नाही तरी तिच्यासमोर "बाबाला विचार", "आई देणार नाही" म्हणायचं नाही. वाद रात्रीसाठी राखून ठेवा.

शाळेचा डब्याबद्दल काही नियम असेल तर तो आधी वाचा. मधुमेह किंवा ॲलर्जी असेल तर तिथे घासाघीस नाही, डॉक्टर सांगतील तेच. दुसऱ्या मुलांच्या डब्यांवर घरी शेरे मारू नका. आमच्या लेकीने एकदा मैत्रिणीला "तुझा डबा वाईट आहे" म्हटलं आणि ती मुलगी रडली. ते शब्द माझ्याच तोंडून तिने उचलले होते. मी लेकीची माफी मागितली आणि मग तिला मैत्रिणीची मागायला लावली.

गेल्या महिन्यात तिने मंगळवारऐवजी बुधवार मागितला, कारण बुधवारी चित्रकलेचा तास असतो आणि मैत्रिणी एकत्र बसून खातात. रात्री आम्ही बोललो. सकाळी फ्रीजवरच्या कागदावर नवऱ्याने मंगळवार खोडून बुधवार लिहिला.