दत्तक घेतलेलं कुत्रं हरवलं तर: शोध कसा घ्यावा, चिप कशी तपासून घ्यावी

लॅब्रेडोर रस्त्यावर एकटा दिसला की लोक लगेच चौकशी करतात. आपली तांबूस, उभ्या कानांची गावठी कुत्री दिसली तर ‘इथलीच असेल’ म्हणून पुढे जातात. नसबंदीच्या वेळी कानाला पाडलेली खाच दिसली की उरलीसुरली शंकाही मिटते. रस्त्यावरून घरी आणलेलं कुत्रं हरवलं तर ते हरवलंय हेच कोणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळे त्याचा शोधही जरा वेगळ्या पद्धतीने घ्यावा लागतो.

आधी ओरडणं थांबवा. आमची गुंडी लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांना घाबरून पट्ट्यातून निसटली. आम्ही सहा जण टॉर्च घेऊन तिच्या नावाने ओरडत फिरलो आणि तिला आणखी लांब पळवलं. घाबरलेलं कुत्रं, त्यातही नुकतंच घरी आलेलं, मालकाच्या हाकेलाही येत नाही. कोणीतरी आपल्या मागे लागलंय, एवढंच त्याला कळतं. तिसऱ्या पहाटे ती सापडली मागच्याच सोसायटीत, जनरेटरच्या आड. घरापासून दोन मिनिटांवर.

म्हणून आधी जवळपास बघा: उभ्या गाड्यांखाली, जिन्याखाली, बांधकामाच्या साइटवर. वेळ पहाटेची किंवा रात्री उशिराची, रस्ता शांत असताना. कुत्रं दिसलं तर त्याच्याकडे जाऊ नका. त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून खाली बसा, डोळ्याला डोळा देऊ नका, उकडलेल्या चिकनचे तुकडे थोड्या अंतरावर टाका आणि वाट बघा. अर्धा तास लागला तर लागू द्या. बाकीच्या मंडळींना लांब थांबवा.

माहिती कोणाकडे असते? गल्लीतल्या कुत्र्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात आणि नवख्याला ती टिकू देत नाहीत. कोणत्या गल्लीत नवं तोंड दिसलं, हे तिथल्या कुत्र्यांना रोज खायला घालणाऱ्यांना पहिल्यांदा कळतं. त्यांना गाठा. मग रात्रपाळीचे वॉचमन, दूधवाले, सफाई कर्मचारी, चहाची टपरी.

पोस्टरवर एक स्पष्ट फोटो आणि मोठ्या अक्षरांत ‘पकडू नका, पाठलाग करू नका, फोन करा’ एवढं लिहा. कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपचा नंबर आणि एखादी खास खूण छापू नका. ‘तुमचं कुत्रं माझ्याकडे आहे, आधी पैसे पाठवा’ असे फोन येतात. अशा माणसाला ती खूण विचारा, व्हिडिओ कॉल करायला सांगा.

महापालिकेच्या नसबंदी केंद्रात स्वतः जा. फोनवर ‘तपकिरी गावठी’ सांगून काही उपयोग नाही, तशी तिथे डझनभर असतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्याला नसबंदी आणि लसीकरणानंतर सहसा जिथून पकडलं तिथेच सोडतात. म्हणजे तुमचं कुत्रं भटकं समजून उचललं गेलं, तर ते परत येईल त्या चौकात, तुमच्या दारात नव्हे. ते तिथे आहे तोवर त्याच्या अंगावरून स्कॅनर फिरायला हवा.

स्कॅन मागून घ्या. चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी. तिच्यात बॅटरी नाही, जीपीएस नाही. ती कुत्रं कुठे आहे ते सांगत नाही, स्कॅनर जवळ आणला की फक्त पंधरा आकडी नंबर देते. म्हणून केंद्रात, दवाखान्यात, शेल्टरमध्ये ‘स्कॅन केलं का?’ हे स्पष्ट विचारा.

स्कॅन करायचीही रीत असते. धातूचा पट्टा काढा, शक्यतो स्टीलच्या टेबलावर करू नका. स्कॅनर अंगाला जवळजवळ टेकवून, सावकाश, नागमोडी फिरवा. चिप दोन खांद्यांच्या मधे बसवतात, पण ती सरकते. म्हणून मान, दोन्ही खांदे, पुढचे पाय कोपरापर्यंत आणि छातीच्या बाजू, सगळं बघा. काही लागलं नाही तर पुन्हा एकदा. आताच्या चिप १३४.२ किलोहर्ट्झवर चालतात आणि काही जुने स्कॅनर त्या वाचतच नाहीत, तेव्हा शक्य असल्यास दुसऱ्या स्कॅनरनेही बघा.

नंबर मिळाला तरी त्यात नाव-पत्ता नसतो. मालकाच्या नाव-मोबाइलसह तो ज्या नोंदणीत असेल तिथे विचारावं लागतं. पहिले तीन आकडे ९०० किंवा त्यापुढचे असतील तर तो बहुधा चिप बनवणाऱ्या कंपनीचा कोड असतो, आणि चौकशी कुठून सुरू करायची ते त्यावरून कळतं. नोंदणीतला मोबाइल बदलला असेल तर इतकं करूनही फोन भलतीकडेच लागतो.

गुंडी सापडल्यावर रेबीजच्या इंजेक्शनच्या वेळी आम्ही डॉक्टरांना सहज स्कॅन करायला सांगितलं. चिप सरकून डाव्या कोपराजवळ आली होती. नोंदणीत मोबाइल नंबर होता तिला आमच्याआधी सांभाळणाऱ्या ताईंचा. तो लावून पाहिला, बंद होता.