आधार-पॅनच्या प्रतींचा गैरवापर कसा रोखावा

भाडेकरार करताना, लॉजवर खोली घेताना किंवा सिमकार्ड विकत घेताना आपण आधार आणि पॅनची झेरॉक्स सहज देऊन टाकतो, आणि ती पुढे कोणाच्या हाती पडते याची चौकशी करत नाही. याच कागदांवर कोणी आपल्या नावाने कर्ज उचलले, तर ते बहुधा वसुलीचा फोन आल्यावरच कळते. एकदा दिलेली प्रत परत मिळत नाही, म्हणून देतानाच हात आखडता घ्यावा.

आधार देणाऱ्या युआयडीएआय या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरून ‘मास्क्ड आधार’ उतरवून ठेवावे. त्यात बारापैकी शेवटचे चारच अंक दिसतात आणि केवळ ओळख दाखवण्यास ते पुरते. पूर्ण प्रत द्यावीच लागली, तर ती कोणाला, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या तारखेस दिली हे छापील मजकुरावरूनच आडवे लिहून सही करावी. कोऱ्या कडेला लिहिलेले सहज कापून टाकता येते.

बोटांच्या ठशांचा धोका याहून गंभीर आहे. बँक प्रतिनिधीकडे आधार क्रमांक आणि अंगठा यांवर पैसे काढताना ओटीपी लागत नाही, आणि दस्तनोंदणीच्या कागदांवरील ठशांवरून नकली ठसे बनवून खाती रिकामी केल्याचे गुन्हे देशात उघडकीस आले आहेत. त्यामुळे युआयडीएआयच्या अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवणे, म्हणजे ठशांचा वापर बंद करून ठेवणे, हा मला सर्वांत मोलाचा उपाय वाटतो. मात्र रेशन किंवा पेन्शन अंगठ्यावर घेणाऱ्या आईवडिलांचे लॉक करण्याआधी ते वेळेवर कोण उघडून देणार हे ठरवावे. नाहीतर त्यांना दुकानातून रिकाम्या हाताने परतावे लागेल.

आपल्या नावावर किती मोबाइल क्रमांक आहेत हे ‘संचार साथी’ पोर्टलवर दिसते आणि अनोळखी क्रमांकाची तक्रारही तिथेच करता येते. कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांनी आपल्या नावावरील कर्जांचा संपूर्ण अहवाल वर्षातून एकदा विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दर तीन महिन्यांनी एकेका संस्थेचा अहवाल मागवल्यास वर्षभर लक्ष राहते. अहवालात चालू कर्जांइतकेच ‘एन्क्वायरी’ हे सदर बारकाईने वाचावे, कारण कर्ज मंजूर होण्याआधी झालेला अर्ज तिथे दिसू शकतो.

अनोळखी कर्ज आढळल्यास वसुलीवाल्याच्या दडपणाखाली एकही हप्ता भरू नये. भरलेला हप्ता कर्ज मान्य केल्याचा पुरावा म्हणून पुढे केला जाऊ शकतो. खात्यातून पैसे गेले असतील, तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. कर्जाबाबत राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून तिची प्रत कर्ज देणाऱ्या संस्थेला लेखी अर्जासह द्यावी, पोच घ्यावी आणि अहवाल देणाऱ्या संस्थेकडेही हरकत नोंदवावी. हरकतीचा निपटारा 30 दिवसांत झाला नाही, तर पुढील प्रत्येक दिवसासाठी 100 रुपये भरपाई मागण्याचा हक्क तक्रारदाराला आहे.