वावरातली लाकडाची सोलर भट्टी

आरा मशीनवरून पाट्या आणल्या की बरेच जण मे महिन्यात टिनाखाली रचून देतात अन् पंधरा दिवसांत वाळल्या म्हणून सुताराच्या हवाली करतात. वरून खडखडीत, आतून ओल्या. मंग पावसाळ्यात दरवाजा फुगतो, दिवाळीनंतर पल्ल्यात फट. भट्टी, म्हणजे उन्हाच्या तापानं लाकूड सावकाश वाळवायची बंद खोली, पायजे ती यासाठी. ऊन विदर्भात फुकट आहे, खरं काम त्याला लगाम घालायचं आहे हे मला बाभळीच्या पाट्या गमावल्यावर कळलं. दुपारी दोन वाजता तट्ट तट्ट आवाज, दार उघडून पाहतो तर टोकापासून हातभर चिरा.

माझी भट्टी ८ बाय ६ फुटाची आहे, तीसेक घनफूट माल बसतो. हिशोब सोपा ठेवा, एका घनफुटाला साधारण सव्वा चौरस फूट पारदर्शक छत. छताचा उतार दक्षिणेकडे, २० अंशाच्या आसपास, वर शेडनेटवाल्याकडे मिळते ती २०० मायक्रॉनची यूव्ही पन्नी. बाकी भिंती प्लायच्या, आतून काळ्या. छताखाली फूटभर जागा सोडून काळा रंग मारलेला टिन आडवा टाका, पंखा त्याच्या वरच्या जागेत. मी जुन्या कूलरचा लावला, पण मोटर बाहेर काढून, आत ६० डिग्रीच्या वर गेलं की वायंडिंग जळते. उत्तरेच्या भिंतीला दोन झडपा वर, दोन खाली.

रचाई करताना घाई नका करू. खाली विटा, मग पाट्या, दोन थरांमध्ये एक इंच जाड कोरड्या पट्ट्या, दर दीड फुटाला, अन् सगळ्या थरांच्या पट्ट्या एकाखाली एक ओळंब्यात आल्याच पायजे, नाहीतर पाटी तिथेच वाकते. पाट्यांच्या टोकांना उरलासुरला ऑइल पेंट फासा, कारण टोकातून पाणी सगळ्यात आधी पळते. वरच्या थरावर सिमेंटचे ब्लॉक ठेवा. टिन अन् ढीग यांच्यातल्या फटीत ताडपत्री लटकवा, नाहीतर हवा पाट्यांमधून न जाता वरूनच पळून जाते.

आता वजन. एका पाटीच्या मधल्या भागातून इंचभर तुकडा कापा, लगेच किराणावाल्या डिजिटल काट्यावर मोजा, मग ओव्हनमध्ये १०३ डिग्रीला वजन उतरणं थांबेपर्यंत ठेवा. १४० ग्रॅमचा १०० झाला म्हणजे कोरड्या वजनाच्या हिशोबानं ओल ४० टक्के. त्याच पाटीचा उरलेला भाग समजा २.८ किलो भरला, तर पूर्ण कोरडा २ किलोचा, म्हणजे २.२४ किलो झाला की १२ टक्के. फर्निचरला एवढं चालते. हा उरलेला भाग ढिगात अशा जागी ठेवा की रोज ओढून मोजता येईल.

पहिले काही दिवस झडपा बोटभरच उघड्या. मे महिन्यात तर मी आत ओलं पोतं टांगतो, लोकं हसतात, वाळवायच्या जागी पाणी काहून म्हणून. पण बाहेरची हवा एवढी कोरडी असते की वरची साल आधी आवळते अन् आतलं पाणी अडकून बसते. सागवान बरंच सोसते, बाभूळ नाही, तिची ओल मी दिवसाला दोन टक्क्यांच्या वर उतरू देत नाही. ओल २५ च्या खाली गेली की झडपा हळूहळू उघडा. रात्री पंखा बंद, झडपा बंद, आतली हवा दमट होते अन् लाकडाचा ताण उतरतो. रात्री लाइट गेली म्हणून मी चिडत होतो, आता नाही चिडत.

आंब्याच्या पाट्यांत घुण असते. शेवटच्या दिवसांत भर दुपारी झडपा पूर्ण बंद करून तापवा, पाटीच्या गाभ्यात ५६ डिग्री अर्धा तास टिकलं पायजे, एक्सपोर्टच्या पॅलेटला हाच नियम आहे. थर्मामीटर हवेत टांगून उपयोग नाही, पाटीला भोक पाडून आत घाला.