वैशाखातली परसबाग: पाणी धरून ठेवण्यासाठी सल्ला
(विदर्भ, मराठवाडा, खानदेश : मध्य एप्रिल ते जूनचा पहिला आठवडा)

एप्रिलच्या मध्यापासून आपल्याकडे पारा ४२ अंशांच्या आसपास राहतो आणि मे महिन्यात ४५ लाही टेकतो. परसातली भाजी या दिवसांत जळते तेव्हा घरात पहिला उपाय सुचतो तो आणखी पाणी घालण्याचा. पण बहुतेक अंगणांत पाणी पुरेसे घातले जाते. ते मुळांशी थांबत नाही आणि मुळांभोवतीची माती तापते, खरी अडचण इथे आहे. म्हणून आधी माती झाका, मग बादल्या मोजा.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर वाफ्यावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. भरात आलेला भेंडी-गवारीचा वाफा मे महिन्यात दिवसाला साधारण ६ ते ७ मिलिमीटर पाणी ओढतो. ३ मीटर लांब आणि १ मीटर रुंद वाफ्याला रोज १८ ते २१ लिटर लागतात, म्हणजे १५ लिटरची सव्वा ते दीड बादली. काळ्या मातीत हेच पाणी एक दिवसाआड दुप्पट करून एकदम द्या. मुरमाड, हलक्या मातीत रोज द्या. रोज संध्याकाळी झारीने शिंपडून वरची माती नुसती काळपट करणे हे सर्वांत वाईट. त्याने वरचा एक इंच भिजतो, मुळे तेवढ्यातच पसरतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीच भाजून निघतात.

पाणी सकाळी आठच्या आत द्या. सकाळी नळ येत नसेल तर ऊन उतरून जमीन निवल्यावर द्या. रबरी पाइप दिवसभर उन्हात पडला असेल तर त्यातले पहिले पाणी हात पोळेल इतके गरम असते. ते आधी बादलीत काढून घ्या. गच्चीवरच्या काळ्या टाकीचे दुपारचे पाणीही रोपांना देऊ नका.

दुपारी दोन वाजता भोपळ्याची, दोडक्याची, काकडीची पाने माना टाकतात. माती ओली असतानाही हे होते, कारण पान जितके पाणी उडवते तितके मूळ त्या वेळी ओढू शकत नाही. संध्याकाळी पाने सावरली तर काहीही करू नका. सकाळी सातलाही पाने मलूल असतील तर बोट दोन इंच खोल घालून पाहा. आत कोरडे लागले तर पाणी द्या. आत चिखल असूनही पान मलूल असेल तर मूळ कुजते आहे. अशा झाडाचे पाणी दोन-तीन दिवस थांबवा आणि आळे खुरप्याने हलके मोकळे करा.

आच्छादन हे उन्हाळी परसबागेतले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे काम आहे. वाळलेला पालापाचोळा, उसाचे पाचट, सोयाबीनचे किंवा गव्हाचे काड, जे हाताशी असेल ते ओल्या मातीवर दोन ते तीन इंच जाड पसरा. कोरड्या मातीवर पसरले तर कोरडेपणाच झाकला जातो, म्हणून आधी वाफा भरपूर भिजवा. खोडाभोवती तीन बोटे जागा मोकळी ठेवा, नाहीतर बुंधा सादळून कुजतो. वाळवीचा त्रास असलेल्या अंगणात जाड काटक्या आणि लाकडाचा भुसा वापरू नका, दर आठवड्याला आच्छादन उचलून खाली पाहा. विंचूही अशा थंड जागी बसतात. आच्छादन हलवताना लांब दांड्याचा फावडा वापरा, पायात चप्पल नको, बूट हवेत, आणि मुलांना हे काम देऊ नका.

काळ्या मातीत आच्छादन टाकण्याआधी भेगा बुजवा. भेग रुंद होते तेव्हा बारीक मुळे तुटतात आणि दिलेले पाणी त्या भेगेतून मुळांच्या खाली निघून जाते. एक-दीड इंच खोल खुरपणी करून भुसभुशीत थर भेगेत लोटा, मग पाणी द्या.

सावली कोणत्या बाजूने हवी याचा विचार फारसा होत नाही. सकाळचे ऊन भाजीला हवेच असते. नुकसान दुपारी एकनंतरच्या पश्चिमेच्या उन्हाने होते. पालेभाजी आणि रोपांवर ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मे ऊन अडवणारी शेडनेट (सावलीची जाळी) चालते. फळभाज्यांना ३५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, नाहीतर नुसता पाला वाढतो आणि फुले कमी येतात. नेट रोपांच्या शेंड्यापासून किमान दोन-तीन फूट उंच बांधा, कारण अगदी जवळ बांधल्यास खाली गरम हवा कोंडते. नेट नसेल तर फिक्या रंगाची जुनी सुती साडी पश्चिमेला उभी बांधली तरी पुष्कळ फरक पडतो. कुरडया-पापडांच्या वाळवणाला त्याच वेळचे ऊन लागते, म्हणून नेट कुठे बांधायची हे घरात आधी ठरवा, नाहीतर ती रोज काढली आणि लावली जाते आणि आठवड्यात फाटते.

कुंड्यांची स्थिती वाफ्यापेक्षा बिकट असते. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीची पश्चिमेकडची बाजू इतकी तापते की त्या बाजूची मुळे मरतात. कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवा, बाहेरच्या रांगेला ओले गोणपाट गुंडाळा आणि खाली दोन विटा ठेवून कुंडी फरशीपासून उचला. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पूर्ण वाळले की आकसते. वरून घातलेले पाणी कडेने सरळ खाली गळते आणि आपल्याला कुंडी भरली असे वाटते. अशी कुंडी पाण्याच्या टबात अर्धा तास, बुडबुडे थांबेपर्यंत, उभी ठेवा.

घरातले पाणी वापरताना

भाज्या, डाळ, तांदूळ धुतलेले पाणी थेट वाफ्यात घाला. मिठाचे पाणी कधीच नको. न्हाणीघराचे साबणाचे पाणी आळू, केळ आणि कर्दळीपुरते ठेवा. कच्च्या खाण्याच्या कोथिंबीर, काकडी, मुळ्याला ते देऊ नका. साबणातल्या सोडियमने काळी माती चिवट होते आणि पाणी मुरणे थांबते, म्हणून तेच पाणी रोज एकाच जागी सोडू नका.

कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी कुंडीत ओतण्याची सवय सोडा. कूलर पाण्याची वाफ करतो आणि क्षार टाकीत मागे ठेवतो. आधीच जड असलेले बोअरचे पाणी काही दिवसांत आणखी क्षारट होते. पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळतात आणि मातीवर, कुंडीच्या काठावर पांढरी पपडी धरते. अशी कुंडी दिसली तर पपडी खरवडून टाका आणि कुंडीच्या आकाराच्या दुप्पट चांगले पाणी सावकाश घालून तळातून वाहू द्या. आरओच्या सांडपाण्यातही क्षार जास्त असतात. ते साध्या पाण्यात निम्मे मिसळून मोठ्या झाडांना द्या.

पाणी सगळ्यांना पुरत नसेल तर पहिला हक्क फुलोऱ्यात आलेल्या फळभाजीचा. त्यानंतर लिंबू, कारण पाण्यात खंड पडून एकदम भरपूर पाणी मिळाले की त्याची कोवळी फळे गळतात. मुळे खोल गेलेला कढीपत्ता, शेवगा आठवड्यातून एकदा पाणी मिळाले तरी निभावतात. पालेभाजीचा वाफा काढून खाऊन मोकळा करणे यात कमीपणा नाही.

गावाला जाताना

सुट्टीत आठ-दहा दिवस घर बंद असते आणि याच काळात बहुतेक परसबागा संपतात. यावर जुना आणि भरवशाचा उपाय म्हणजे जमिनीत पुरलेला माठ. रंग न दिलेला, पाच ते सात लिटरचा माठ घ्या. जुना असेल तर भरून ठेवा. तासाभरात बाहेरून पाझर फुटला नाही तर छिद्रे क्षारांनी बंद झालेली आहेत, काथ्याने आतबाहेर घासा, तरी न पाझरल्यास दुसरा घ्या. गळ्यापर्यंत पुरा, तोंड मातीच्या एक-दोन इंच वर राहू द्या आणि त्यावर ताटली घट्ट बसवा. रोपे माठाच्या भिंतीपासून सहा ते आठ इंचांवर हवीत. एका माठाला चार-पाच वेली पुरे. मुळे माठाकडे वळायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून जायच्या आदल्या दिवशी माठ पुरून काही उपयोग नाही. दर दोन-तीन दिवसांनी तो भरावा लागतो, तेव्हा शेजाऱ्यांना किल्ली आणि दिवस दोन्ही सांगून जा.

कुंड्यांसाठी सुती दोरी किंवा जुन्या साडीची पिळलेली पट्टी चालते. बादली कुंडीपेक्षा उंच ठेवा, दोरी आधी भिजवून एक टोक बादलीच्या तळाशी आणि दुसरे मातीत तीन इंच खोल घाला. बादली कापडाने बांधून झाका, नाहीतर डास होतात. दोन दिवस आधी लावून रात्रीत पाणी किती उतरते ते पाहा आणि त्यावरून बादली लहान-मोठी करा. जाण्याआधी सर्व कोवळी फळे तोडा. झाडावर जून झालेली भेंडी आणि काकडी पुढची फुले थांबवतात.

काय पेरावे, काय सोडावे

भेंडी, गवार, काकडी, दोडका यांची उन्हाळी पेरणी मार्चअखेर आटोपलेली हवी. आता उघड्यावर पेरण्याजोगे म्हणजे तांबडा माठ, राजगिरा आणि चवळी. माठ-राजगिरा २५ ते ३० दिवसांत कापणीला येतो. कोथिंबीर हवीच असेल तर धणे रगडून दोन फोडी करा, बारा तास भिजवा, नेटखाली पेरा आणि उगवेपर्यंत ओले गोणपाट टाका. तापलेल्या मातीत धणा उगवत नाही.

टोमॅटोची फुले गळतात म्हणून टॉनिक आणू नका. दिवसाचे तापमान ३५ च्या वर आणि रात्रही गरम असली की परागकण निकामी होतात आणि फळ धरत नाही. त्यावर फवारणी नाही. झाड सावलीत जगवा किंवा काढून टाका. शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरा, ओले शेण या उन्हात मुळे भाजते. युरिया टाळा, वेलीला जास्त नत्र दिले की पाला वाढतो आणि नरफुलेच येत राहतात. झाडामागे मूठभर गांडूळखत, लगेच पाणी, इतके पुरे.

मादी फुले येऊनही बारीक फळे पिवळी पडत असतील तर परागीभवन होत नाही. उन्हात मधमाश्या कमी फिरतात. काकडी, कारले, घोसाळे यांची फुले सकाळी उमलतात. त्यांचे हाताने परागीभवन सकाळी नऊच्या आत करा. दोडका आणि दुधी मात्र संध्याकाळी उमलतात, त्यांच्यापाशी साडेपाच-सहानंतर जा. त्या वेळी उमललेले नरफूल तोडून पाकळ्या मागे दुमडा आणि मादी फुलाच्या मध्यावर हलके फिरवा. मादी फुलाखाली छोटेसे फळ असते, त्यावरून ते ओळखता येते. सुट्टीतल्या मुलांना हे काम दिले तर ती फार मन लावून करतात.

कीड

पानावर सुईने टोचल्यासारखे पांढरे ठिपके आणि खाली बारीक जाळी दिसली तर तो लाल कोळी. कोरड्या उष्ण हवेत तो झपाट्याने वाढतो. पानांच्या खालून पाण्याचा जोराचा फवारा सकाळी मारा, दर तीन दिवसांनी, तीन-चार वेळा. गंधक एरवी कोळीवर चालते, पण या तापमानात पाने करपवते आणि वेलवर्गीय भाज्यांना अधिकच, म्हणून आता नको.

भेंडीच्या शिरा पिवळ्या पडणे म्हणजे हळद्या, विषाणूजन्य रोग. पांढरी माशी तो पसरवते. बाधित झाड बरे होत नाही, उपटून जाळा किंवा पुरा. माशीसाठी पिवळे चिकट सापळे शेंड्याच्या उंचीवर लावा आणि ५ टक्के निंबोळी अर्क फवारा: ५० ग्रॅम निंबोळी पावडर एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण घालून. फवारणी सूर्य मावळतानाच करा.

काकडी-कारल्यात अळ्या निघतात त्या फळमाशीच्या. फळ धरल्यावर दोन-तीन दिवसांनी कागदी पिशवी बांधा. क्यू ल्युअर (गंधाने फळमाशीला ओढणारा) सापळा फक्त नरांना पकडतो, एका अंगणापुरते पिशवी जास्त भरवशाची. किडलेली फळे शेणखड्ड्यात टाकू नका. दोन फूट खोल पुरा.

पक्ष्यांसाठी ठेवलेले पाण्याचे भांडे, कूलर, ड्रम आणि कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एक दिवस पूर्ण रिकाम्या करून घासून कोरड्या करा. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस घेतो.

वळीव आणि मृगाची तयारी

मेच्या उत्तरार्धात वादळी वळीव येतो. मांडवाचे बांबू आणि तारा त्याआधी ताणून घ्या, भेंडीच्या उंच झाडांना काठीचा आधार द्या, शेडनेट वाऱ्यात फडफडते तेव्हा खालची दोरी सोडा.

बियाण्यासाठी रोगमुक्त भेंडीच्या झाडावर बुडाच्या दोन शेंगा राखा आणि तपकिरी होऊन वाळू द्या. हे फक्त परभणी क्रांतीसारख्या सरळ वाणात करा. संकरित वाणाचे बी पुढच्या वर्षी सारखे येत नाही. दुधी आणि कारल्यासाठी एक-एक फूट लांब, रुंद, खोल खड्डे आताच खणून उन्हात तापू द्या. २० ते २५ मेदरम्यान बी २४ तास भिजवून पिशव्यांत, नेटखाली दोन-दोन लावा. मृगाचा पाऊस जमिनीत चार-पाच इंच मुरला की खड्ड्यात कुजलेले शेणखत मिसळा आणि दोन-चार पानांची रोपे संध्याकाळी मातीच्या गोळ्यासकट लावा.