मुलाच्या दप्तरात व्हेप सापडला तर शाळेने काय करायचं

पाचवी ते आठवीतल्या एखाद्या पोराकडे व्हेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट, सापडला की बहुतेक शाळांत एकच होतं, वर्गशिक्षक त्याला हाताला धरून ऑफिसात नेतात, मुख्याध्यापक ओरडतात, घरी फोन जातो की ताबडतोब या, आणि मधली सुट्टी व्हायच्या आत सगळ्या शाळेला नाव कळलेलं असतं. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. पहिल्या तासाभरात मुलाला कळलं की इथे फक्त शिक्षा आहे, की तो तोंड मिटून घेतो, आणि मग दोन गोष्टी तुम्हाला कधीच कळत नाहीत, तो यात किती अडकलाय आणि हे त्याला देतंय कोण.

तर सगळ्यात आधी मूल बघा, बाकी सगळं नंतर. मळमळ, उलटी, चक्कर, घाम, तोंडाला सारखं पाणी सुटणं, छातीत धडधड, ही निकोटीन जास्त झाल्याची लक्षणं आहेत आणि लहान अंगाला ते थोडंही जास्त होतं. आतलं लिक्विड पोटात गेलं असेल, मूल झोपाळलं असेल, श्वास लागत असेल किंवा फिट आली तर घरच्यांची वाट बघत बसू नका, १०८ लावा आणि ते डिव्हाइस सोबत पाठवा म्हणजे डॉक्टरांना अंदाज येईल. काही कार्ट्रिजमध्ये, म्हणजे लिक्विड भरलेल्या नळीत, निकोटीनऐवजी गांजाचा अर्क असतो आणि ते मुलाला स्वतःलाही माहीत नसतं, म्हणून "यात काय होतं" हे डॉक्टरांना कळणं गरजेचं.

आता ती वस्तू. दिसायला ती पेनड्राइव्ह, हायलायटर, लिपस्टिक कशासारखीही असते, वास आंब्याचा नाहीतर पुदिन्याचा, त्यामुळे शिक्षकांना सहज कळत नाही. मुलाच्या खिशात स्वतः हात घालायचा नाही. दोन मोठी माणसं समोर, मूल समोर, आणि त्यालाच सांगायचं की बाळा, तूच काढून टेबलावर ठेव. मुलगी असेल तर त्यात एक बाई हव्यातच. मग पाकिटात घालून तारीख आणि दोघांच्या सह्या. कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, आत लिथियमची बॅटरी असते, ती पेट घेऊ शकते. पालकांच्या हातात परत देऊ नका आणि शाळेच्या कपाटात महिनोन्महिने ठेवूही नका, २०१९ च्या ई-सिगारेट बंदी कायद्यात साठवणुकीवरही बंदी आहे. जवळच्या पोलीस ठाण्यात पत्रासोबत जमा करा, पत्रात "शाळेच्या आवारात सापडलं" एवढं पुरे, मुलाचं नाव लिहायची गरज नाही.

मग बोलणं. ऑफिसात पाच जण गोल करून बसले की ती चौकशी होते, बोलणं होत नाही. मुलाला ज्या बाई किंवा सर आवडतात त्या एकाच व्यक्तीने बोलायचं, दार अर्धवट उघडं ठेवून, आणि "कुणी दिलं सांग" हा पहिला प्रश्न नको, कारण त्याला वाटतं मित्राला अडकवतोय. आधी विचारा की आता बरं वाटतंय का, पहिल्यांदा कधी घेतलं, कधी घ्यावंसं वाटतं, सकाळी उठल्याउठल्या आठवण येते का, न मिळाल्यास चिडचिड होते का. या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं "हो" आली तर समजा की हे नुसतं कुतूहल राहिलेलं नाही, निकोटीन चिकटलंय. एकदा मित्राच्या हातातून ओढून बघणारा मुलगा वेगळा, रोज लागणारा वेगळा आणि पफामागे पैसे घेऊन इतरांना देणारा वेगळा, तिघांना एकच शिक्षा लावून काही साधत नाही. तिसऱ्याच्या बाबतीत तर बऱ्याचदा मागे कुणीतरी मोठा असतो. बहुतेक मुलं म्हणतील "सर ती नुसती वाफ आहे", तेव्हा हसू नका नि भाषणही देऊ नका, सरळ सांगा की त्यात बहुतेकदा निकोटीन असतं, बारीक कण आहेत, लिक्विड तापवणाऱ्या कॉइलमधून सुटणारे धातू आहेत, आणि आंब्याचा वास तुझ्या वयाच्या मुलांना ओढायला घातलाय.

पालकांना बोलवताना फोनवर सगळं सांगून मोकळं व्हायचं नाही. "तो ठीक आहे, पण समोर बसून बोलायचंय" एवढंच. आणि मुलाला आधी विचारून ठेवा की घरी काय होईल. बाबा पट्ट्याने मारतील असं तो म्हणाला तर ते हलक्यात घेऊ नका, भेट शाळेतच घ्या, आईबाबांना आधी शांत करा, दोन दिवसांनी परत बोलू असं ठरवा, आणि धोका खरा वाटला तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. घरात बाबा किंवा मोठा भाऊ स्वतः ओढत असेल, मावा-तंबाखू खात असेल तर तेही बोलावं लागतं, लाजून चालत नाही. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक अक्षरही जाता कामा नये, "एका विद्यार्थ्याकडे" असंसुद्धा नको, नाव पाच मिनिटांत निघतं.

शिक्षेबद्दल. दाखला हातात देणं हा मार्गच नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, मारणं आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई आहे, आणि परिपाठात उभं करून माफी मागायला लावणं हा छळच आहे. चार दिवस घरी बसवलं तर तो चार दिवस मोबाइल आणि त्याच कट्ट्यावर. ई-सिगारेट बंदी कायदाही बनवणं, आयात, विक्री, वाटप, जाहिरात यावर आहे, ओढणाऱ्यासाठी त्यात शिक्षा ठेवलेली नाही, मग शाळेने त्याच्याहून कडक व्हायचं कारण काय? परिणाम असावा, जरूर असावा, पण शाळेच्या आत. काही दिवस मधल्या सुट्टीत त्याच्याशी बोललेल्या बाई-सरांजवळ बसणं, ज्यांना दिलं त्यांच्याशी बोलणं, पुढचा महिनाभर दर आठवड्याला एक भेट.

ही भेट कुणी टाळू नये असं मला फार वाटतं, कारण खरं कठीण काम त्याच दिवसांत असतं. रोज घेणाऱ्याने सोडलं की पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, चिडचिड, डोकं दुखणं, झोप नाही, फळ्यावर लक्ष लागत नाही, आणि पुढे दोन-चार आठवडे हे कमीकमी होत जातं. नेमकं याच काळात मूल एखाद्या शिक्षकाला उलट बोलतं आणि मग "बघा, सुधारलाच नाही" असं ठरतं. म्हणून त्याला शिकवणाऱ्या दोन-तीन शिक्षकांना, फक्त त्यांनाच, सांगून ठेवा की सध्या त्याला बरं नाही, पाणी प्यायला जाऊ दे, छोट्या कुरबुरीकडे दुर्लक्ष करा. परत एकदा सापडला तर पहिल्यापासून ओरडायला सुरुवात नको, सोडताना घसरणं होतंच, कुठल्या वेळी घसरला ते विचारा. निकोटीनच्या गोळ्या-च्युइंगगम शाळेने किंवा घरच्यांनी मनाने द्यायच्या नाहीत, ते डॉक्टर ठरवतील. सल्ल्यासाठी तंबाखू सोडण्याची राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६ आहे आणि मन फार बिघडलेलं दिसलं तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६, मराठीत बोलता येतं.

एक गोष्ट कळकळीने सांगते, टॉयलेटला कुलूप लावू नका. काही शाळा दोन मुलं सापडली की तास चालू असताना टॉयलेट बंद ठेवतात आणि त्याचा त्रास सगळ्यात जास्त मुलींना होतो, त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत, पाळीच्या दिवसांत तर शाळाच बुडवतात. आत कॅमेरा तर अजिबात नको. त्यापेक्षा मधल्या सुट्टीत बाहेरच्या पॅसेजमध्ये एक शिक्षक आणि मावशी उभ्या राहिल्या की पुष्कळ फरक पडतो, आणि मावशींना व्हेप कसा दिसतो हे फोटो दाखवून सांगा, त्यांच्या नजरेला आधी पडतं.

आणि देणारा. मूल मोकळं झालं की दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत स्वतःच सांगतं, कधी चुलत भाऊ, कधी क्लासबाहेरची टपरी, कधी इन्स्टाग्रामवरून घरपोच. सिगारेट-तंबाखूला शाळेपासून १०० यार्डांची अट आहे, व्हेप तर देशात कुठेच विकता येत नाही, पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. लहान मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. मुख्याध्यापकांनी एकट्याने टपरीवाल्याशी भांडायला जाऊ नये, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून लेखी तक्रार पोलीस ठाण्यात द्यावी, पोच घ्यावी, महिन्याभरात काही हललं नाही तर त्या पोचेची प्रत जोडून वरच्या अधिकाऱ्यांना आणि शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवावी. तक्रारीत माहिती कुठून मिळाली ते लिहायचं नाही, नाहीतर पुढचं मूल कधीच बोलणार नाही.